डब्यातला टमाटा

टमाटा तुम्हाला नवा नाही. कोणी त्याला तंबाटे म्हणतात. नागपूरकडे भेदरे म्हणतात. जुन्या बायका बेलवांगे म्हणत. नाव कोणतेही घ्या, कालवणात एक चिरून टाकला की कालवणाला चव येते. पण त्याच्या भावाचा काही नेम नाही. २०२३ सालची गोष्ट आठवा. मे महिन्यात टमाट्याला भाव नव्हता. तोडणीची मजुरीसुद्धा निघेना, म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. पुढे दोनच महिन्यांनी, जुलैत, तोच टमाटा शंभर रुपये किलोच्या वर गेला. ज्याला शेत नाही त्याने तेव्हा टमाटा खायचे सोडले.

शेत नसले तरी टमाटा लावता येतो. दारापुढे ऊन पडणारी थोडी जागा हवी. माती हवी आणि एक डबा हवा. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण पुष्कळांचे डबे पहिल्याच वर्षी फसतात. मग लोक म्हणतात, ‘रोग पडला.’ तो रोग होता की आणखी काही, हे कोणी पाहत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचे असेच झाले. काकू मजुरीला जातात. घर पत्र्याचे. अंगण दोन बाजांएवढे. त्यांनी भजी तळणाऱ्या हॉटेलवाल्याकडून तेलाचे आठ रिकामे डबे आणले. शेताच्या बांधावरची काळी माती डोक्यावर वाहून आणली. शेण कालवले. रोपे लावली. झाडे अशी फोफावली की येणारा-जाणारा थांबून पाही. फळे धरली. लिंबाएवढी झाली. आणि एकेक फळ बुडाशी काळे पडू लागले.

काकू दुकानात गेल्या. दुकानदाराने एक बाटली दिली. तीनशे चाळीस रुपये. तीही उधारीवर. काकूंनी दोनदा फवारा मारला. फळे काळी पडायची थांबली नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू कामावरून आल्या, तर चार वर्षांचा नातू डब्यापाशी बसून हिरवा टमाटा चोखत होता. काकूंच्या पोटात धस्स झाले. त्यांनी पोराला तसेच उचलले आणि दवाखान्यात नेले. नशीब, पोराला काही झाले नाही. संध्याकाळी काकू बाटली घेऊन माझ्याकडे आल्या.

“गुरुजी, औषध मारलं तरी काळंच पडतंय बघा. आता दुसरं कंचं आणू?”

मी बाटलीवरचा कागद वाचला. त्यावर पिकांची नावे होती. पहिले नाव कापूस. टमाट्याचे नाव कुठेच नव्हते. आणि खरे सांगायचे तर टमाट्याचे नाव असते तरी उपयोग झाला नसता. काकूंच्या झाडाला कीड नव्हती, रोगही नव्हता. झाडाला पाणी वेळेवर मिळत नव्हते, एवढेच.

ते कसे, हे पुढे सांगतो. आधी डब्यात लावलेले झाड आणि शेतातले झाड यांत काय फरक आहे ते पाहू.

शेतातले झाड रानात सोडलेल्या गुरासारखे असते. वर पाणी आटले तर मूळ दोन-तीन फूट खाली जाते आणि ओल शोधते. एका बाजूला खत कमी असेल तर दुसऱ्या बाजूला पसरते. डब्यातले झाड म्हणजे दावणीला बांधलेले गुरू. तुम्ही घालाल ते खाईल. तुम्ही विसरलात तर उपाशी राहील. जास्त घातलेत तर तेही त्याला सोसावे लागेल. कारण पळून जायला जागा नाही. म्हणून डब्यात माती, पाणी आणि खत यांची चूक लगेच दिसते आणि ती रोगासारखी दिसते.

डबा आणि माती

डबा लहान नको. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा एका झाडाला पुरतो. त्याहून मोठा मिळाला तर फारच चांगले. खताची रिकामी गोणी काठ दुमडून, फुटका माठ, गळकी बादली, काहीही चालते. मात्र खोली निदान एक फूट हवी. माठात झाड छान वाढते, पण माठ झिरपतो आणि लवकर वाळतो. पत्र्याचा डबा उन्हात तापतो. त्याला बाहेरून जुने पोते गुंडाळा. डब्याचा काठ हातोडीने आत वळवा, नाही तर पोरे हात कापून घेतील. शेतीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. ते विष धुऊन पुरते जात नाही.

डब्याच्या बुडाला खिळ्याने सहा-आठ भोके पाडा. डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोके बुजणार नाहीत. भोकांवर एकेक खापरी पालथी ठेवली की झाले. पुष्कळ लोक खाली वीतभर खडी भरतात. म्हणतात, पाणी निघून जाते. तसे होत नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते. ती पुरती भिजेपर्यंत पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. उलट खडीने जेवढी जागा खाल्ली तेवढी मुळाला कमी पडली.

आता माती. काळी माती आपल्याकडे लक्ष्मी मानतात आणि शेतात ती आहेच तशी. पण डब्यात एकटी काळी माती घालू नका. तिचे कण फार बारीक असतात. शेतात तिला भेगा पडतात, गांडुळे तिला पोखरतात. डब्यात रोज वरून पाणी पडते आणि ती थापीने चोपल्यासारखी घट्ट बसते. ओली असली की चिखल, वाळली की वीट. चिखलात मूळ गुदमरते. हो, मुळालाही हवा लागते. मूळ गुदमरले की ते कुजते. वर झाड सुकते. आपल्याला वाटते पाणी कमी पडले. म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

मातीची पारख सोपी आहे. मूठभर माती ओली करा आणि लाडू वळा. तो बोटाने हलकेच दाबा. लाडू फुटून मोकळा झाला तर माती डब्याला चांगली. बोट रुतले, पण लाडू फुटला नाही, तर तीत दुसरे काही मिसळायला हवे.

काय मिसळावे? दोन घमेली पोयट्याची किंवा तांबडी माती घ्या. दीड-दोन घमेली कुजलेले शेणखत घ्या. एक घमेले जाड वाळू किंवा भाताचे तूस घ्या. कोकणात नारळाच्या सोडणाचा भुसा मिळतो, तो तर फारच उत्तम. तो हलका असतो आणि ओल धरतो. समुद्राची वाळू मात्र नको, ती खारट असते. घरी काळीच माती असेल तर ती एक घमेले घ्या आणि वाळू-तूस वाढवा. प्रत्येक डब्याला मूठभर निंबोळी पेंड घाला. सगळे कोरडेच कालवा. डबा काठापासून चार बोटे खाली राहील इतपत भरा. भरलेला डबा फार जड होतो. तेव्हा तो आधी जागेवर ठेवून मग भरा. घराच्या पत्र्यावर तर चढवूच नका.

शेणखत कुजलेलेच हवे. कुजलेले खत काळे, भुसभुशीत असते आणि त्याला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. हात घातला तर गरम लागत नाही. काकूंनी ताजे शेण कालवले होते. ताजे शेण डब्यात कुजू लागते, तापते आणि कोवळ्या मुळांना भाजते. शिवाय त्यातून हुमणीची अळी येते ती वेगळीच.

माती कुठून आणावी, यालाही महत्त्व आहे. टमाटा, वांगे, मिरची, बटाटा आणि तंबाखू ही सगळी एका भावकीतली झाडे. भावकीचा रोग भावकीला लवकर लागतो. म्हणून जिथे गेल्या वर्षी वांगी-मिरची होती तिथली माती घेऊ नका. ज्वारी, कांदा, लसूण, मेथी यांच्या रानातली घ्या.

मातीत रोगाचे बी असेल अशी शंका असली, तर चैत्र-वैशाखाचे ऊन फुकट आहे. माती ओली करा. वीतभर जाडीने पसरा. वर पातळ, आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद अंथरा आणि कडा मातीने दाबून टाका. काळा कागद नको. आरपार दिसणाऱ्या कागदाखाली ऊन मातीपर्यंत जाते आणि आत कोंडते. चार ते सहा आठवडे राहू द्या. त्या उष्णतेने पुष्कळ बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी मरते. ह्याला खर्च फक्त कागदाचा.

रोप लावताना

आपल्या भागात डब्यासाठी सर्वांत सोयीचा हंगाम म्हणजे भाद्रपद-आश्विनात बी टाकायचे आणि चार आठवड्यांनी रोप डब्यात लावायचे. थंडीत फळ चांगले धरते. कडक उन्हाळ्यात, पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुले गळतात. त्यात तुमचा दोष नसतो. पावसाळ्यात झाड वाढते, पण करपा फार येतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री या जाती आहेत. बंगळूरच्या बागसंशोधन संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात मर, पानाचा गुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देते. संकरित जातीचे बी मात्र घरी धरू नये. त्याचे पुढचे झाड आईसारखे निघेलच असे नाही.

रोप लावताना थोडे खोल लावा. खालची दोन पाने काढून खोड मातीत पुरा. टमाट्याच्या खोडाला मुळ्या फुटतात. वांग्या-मिरचीला असे करू नका, ते टमाट्याचेच कसब आहे. एका डब्यात एकच रोप. दोन लावायचा मोह होतो, मलाही झाला होता. दोघेही उपाशी राहिले. रोपाशेजारी चार-पाच फूट काठी आताच रोवा. पुढे रोवाल तर मुळे तुटतील. डबा दिवसातून सहा तास तरी उन्हात हवा.

पाणी आणि ते काळे बूड

आता काकूंच्या काळ्या फळांकडे येऊ.

फळ घट्ट व्हायला झाडाला चुना लागतो. तो मातीत असतोच. आपल्या काळ्या मातीत तर तो भरपूर असतो. पण चुना एकटा वर चढत नाही. तो पाण्याबरोबर चढतो. गावात नळाची लाइन असते, तशी झाडात पाण्याची लाइन असते. पाणी कमी आले की कोणाचा नळ आधी कोरडा पडतो? शेवटच्या घराचा. टमाट्यात शेवटचे घर म्हणजे फळाचे बूड. पाने वाटेत पाणी ओढून घेतात आणि बुडापर्यंत चुना पोचत नाही. मग तेवढा भाग आतून मरतो, काळा पडतो, चामड्यासारखा होतो.

काकू सकाळी सहाला कामावर जात. कधी जाताना पाणी घालत, कधी राहून जाई. दोन दिवस डबा वाळे, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी पडे. वर ताज्या शेणाने पाला माजलेला. त्या पाल्याने पाणी आणखीनच ओढले. एवढीच गोष्ट. त्याला तीनशे चाळीस रुपयांची बाटली काय करणार?

मी काकूंना सांगितले ते असे. काळी पडलेली फळे तोडून टाका, ती पुन्हा बरी होणार नाहीत. डब्यात चार बोटे उसाचे पाचट किंवा वाळका पाला पसरा, म्हणजे ओल उडणार नाही. रोज सकाळी मातीत बोट घाला. दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तर पाणी घाला. ओले लागले तर घालू नका. पाणी घालाल तेव्हा बुडाच्या भोकातून ठिपकेपर्यंत घाला. भर उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा पाहा. कामावर जायचे असेल तर सुनेला नाही तर नातवाला ते काम वाटून द्या. पोराला बोट घालून पाहायला फार आवडते.

कोणी सांगतात, अंड्याची टरफले घाला, चुना मिळतो. टरफल मातीत विरघळायला फार काळ लागतो. या हंगामातल्या फळाला त्याचा काही उपयोग नाही.

पंधरा दिवसांनी धरलेली नवी फळे काकूंच्या डब्यात स्वच्छ निघाली.

पाणी नेहमी मुळाशी घाला, पानांवर नको. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे, सोड्याचे पाणी नको. बोअरचे पाणी खारे असेल तर मातीवर पांढरी पपडी धरते. अशा वेळी महिन्यातून एकदा साठवलेले पावसाचे किंवा नदी-विहिरीचे गोडे पाणी दोन-तीनदा घालून खालून वाहू द्या. खार निघून जातो.

खत किती

एकदा मी स्वतः एक झाड मारले आहे. झाड फिकट दिसले म्हणून मूठभर युरिया बुंध्याशी टाकला. मनात म्हटले, शेतात पोती टाकतात, आपण मूठभर टाकली तर काय झाले? दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. चौथ्या दिवशी झाड आडवे.

असे का झाले? लोणचे घालताना कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात. फोडींना पाणी सुटते. मीठ ते पाणी बाहेर ओढते. खत हेही एक प्रकारचे मीठच. ते मुळाशी जास्त झाले की मुळातले पाणी बाहेर ओढते. शेतात पोते टाकले तरी ते एकरभर पसरते. एका झाडाच्या वाट्याला चिमूटभर येते. डब्यात मूठ म्हणजे मूठच.

झाडाला मुख्य अन्ने तीन. नत्राने पाला वाढतो. स्फुरदाने मूळ धरते. पालाशाने फळ भरते आणि झाड काटक होते. युरियात नुसते नत्र असते. म्हणून युरियावर वाढवलेले झाड हिरवेगार दिसते, पण फळ कमी धरते, आणि त्याची कोवळी पाने किडीला फार आवडतात.

पहिला महिनाभर डब्यातले शेणखत पुरते. वेगळे काही घालू नका. फुले दिसू लागली की दर वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. तेवढ्यावर भागते. रासायनिक खत द्यायचे असेल तर पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ मिळते. ते तिन्ही अन्ने सारखी देते. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, सपाट. दर दहा दिवसांनी एका झाडाला असे एक लिटर. माती आधी साध्या पाण्याने ओली करून मग द्या. चुलीची राख पुष्कळ जण घालतात. तिच्यात पालाश आहे हे खरे, पण ती खारी असते. तांबड्या मातीला चिमूटभर चालते, काळ्या मातीला नकोच.

खरे रोग कसे ओळखावे

आता खरे रोग. काही रोग पडतातच. पण औषधाला धावण्याआधी झाडापुढे बसा आणि पाहा, दुखणे खालून सुरू झाले की वरून, की सगळे झाड एकदम मान टाकून बसले?

सगळे झाड दुपारी मलूल होते आणि संध्याकाळी पुन्हा टवटवीत होते? मग तो उन्हाचा ताण. रोग नाही.

खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात आणि ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसतात. हा लवकर येणारा करपा. याची बुरशी मातीत आणि जुन्या पाल्यात असते. पावसाचे किंवा पाण्याचे थेंब मातीवर आपटतात आणि उडून पानाला लागतात. म्हणूनच मघाचे पाचट दुहेरी कामाचे. ते ओलही धरते आणि शिंतोडेही अडवते. झाड गुडघाभर झाले की खालची वीतभर पाने काढून टाका. ठिपक्याचे पान दिसले की तोडा आणि जाळा किंवा लांब पुरा. उकिरड्यावर टाकू नका. तिथून तेच खत पुन्हा डब्यात येईल.

दुसरा करपा उशिरा येणारा. तो ढगाळ, गार, ओल्या हवेत येतो. पानावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग पडतात, आणि तीन-चार दिवसांत झाड उकडल्यासारखे होते. हा फार वाईट रोग आहे. आयर्लंड नावाच्या देशात गरिबांचे सगळे पोट बटाट्यावर होते. १८४५ साली हाच रोग बटाट्यावर पडला आणि पुढची काही वर्षे पडत राहिला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली. डब्यात हा रोग दिसला तर झाडाची माया करू नका. उपटा आणि पुरा, म्हणजे बाकीचे डबे वाचतील.

करप्याला आधीच अडवण्याचे एक जुने औषध आहे, बोर्डो मिश्रण. त्याची गोष्ट मजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ द्राक्षबागा आहेत. वाटसरू द्राक्षे चोरत. म्हणून मळेवाले वाटेकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे द्राक्षे विषारी दिसावीत. पुढे बागांत रोग पडला तेव्हा नेमके वाटेकडेचेच वेल वाचले. एका प्राध्यापकाच्या ते ध्यानात आले आणि १८८५ साली औषध जाहीर झाले. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि गाळा. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. लहान रोपांना दोन्ही निम्मेच घ्या. मिश्रण त्याच दिवशी वापरा. मोरचूदही पोटात गेले तर विष आहे, निळे सुंदर दिसते म्हणून पोरे हात घालतात. ते उंच आणि कुलपात ठेवा. फळ धुतल्याशिवाय खाऊ नका.

शेंड्याची पाने वळून, बारीक होऊन गुच्छासारखी झाली, तर तो विषाणूचा रोग. तो पांढरी माशी आणते. हा रोग झाल्यावर बरा करणारे औषध नाही. झाड उपटावे लागते. म्हणून माशीलाच रोपापाशी येऊ देऊ नये. रोपे लहान असताना त्यांवर काड्यांची कमान करून विरलेल्या धोतराचे किंवा मलमलचे पातळ फडके घाला. मच्छरदाणी उपयोगाची नाही. तिच्या भोकातून ही माशी सहज आत शिरते. पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोपडा आणि डब्यांमध्ये टांगा. पिवळ्या रंगाला माशी भुलते आणि चिकटते. माशी दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून फडक्यात बांधा, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून एक लिटर पाणी करा. पानांच्या खालच्या बाजूला फवारा, माशी तिथेच बसते.

आणि झाड हिरवे असतानाच दोन दिवसांत मान टाकून बसले, संध्याकाळीही उठले नाही, तर मर रोगाची शंका घ्या. कोकणात तो फार आढळतो. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन तुकडा उभा धरा. थोड्या वेळात खोडातून दुधासारखी बारीक धार खाली उतरली, तर तो मर. ते झाड मुळासकट काढा. त्या डब्यातली माती दुसऱ्या डब्यात घालू नका, परसातही टाकू नका. डबा धुऊन कडक उन्हात तापवा. खुरपे आणि हातसुद्धा धुवा.

हातांवरून आठवले. तंबाखू मळणाऱ्यांनी, विडी ओढणाऱ्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय टमाट्याला हात लावू नये. तंबाखूही भावकीतलीच. तिच्यातला एक विषाणू वाळल्या पानातही जिवंत राहतो आणि बोटांवरून टमाट्यावर जातो. मग पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडतात. आमच्या गावात हे सांगितले तेव्हा म्हातारे हसले. पण काकूंनी नवऱ्याला डब्यांपाशी जायला बंदी केली ती केलीच.

एवढे करूनही दुकानातले औषध घ्यायची वेळ आली, तर बाटली हातात घेऊन आधी वाचा. बाटलीवर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल विष. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल. मग निळा. हिरवा सर्वांत सौम्य. विष मात्र चारीही. सोबत घडीचा कागद असतो. औषध कोणत्या पिकासाठी, पाण्यात किती, आणि फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे त्यावर लिहिलेले असते. टमाट्याचे नाव नसेल तर बाटली परत करा. दुकानदार काहीही म्हणो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा झाली आणि वीसेक शेतकरी-मजूर दगावले. ती तर मोकळ्या रानातली फवारणी होती. इथे डबा दारात आहे, पाण्याच्या माठापासून चार हातांवर, आणि पोरे तिथेच खेळतात.

हंगाम संपल्यावर डब्यातली माती फेकू नका. झाड निरोगी होते ना? मग माती उन्हात पसरा, घमेलेभर नवे शेणखत मिसळा आणि त्यात मेथी, कोथिंबीर किंवा कांदापात लावा. टमाटा, वांगे, मिरची दोन वर्षे त्या मातीत नको. मुळांना गाठी दिसल्या असतील तर ते सूत्रकृमीचे काम. अशी माती वैशाखात कागदाखाली तापवा आणि मग तीत झेंडू लावा.

काकूंचे आता बारा डबे आहेत. सहांत टमाटा, सहांत मेथी-कांदा, पुढच्या वर्षी उलट. कोणत्या डब्यात काय होते हे विसरू नये म्हणून नातवाने डब्यांवर खडूने आकडे घातले आहेत. गेल्या माघात एकेका झाडाने दोन-अडीच किलो माल दिला. एक डबा मरीने गेला. ग्लासातली ती दुधाची धार काकूंनी स्वतः पाहिली, आणि झाड उपटून मग मला बोलवायला आल्या.